माझ्या वाट्याच्या खुला

ट्रकची क्लीनर बाजूची पायरी माझ्या गुडघ्याएवढी उंच होती. मी आधी बॅग वर फेकली, मग चढलो, आणि मायने खालून एक पिशवी वर केली. पांढरकवड्याच्या हायवेवर, ज्या डिझेल गॅरेजात मी सात-आठ वर्षं काम केलं त्याच्यासमोरच ट्रक उभा होता. गॅरेजच्या उस्तादच्या ओळखीचा ट्रक, नागपूरपर्यंत जाणारा. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून पुढं. माय ड्रायव्हरला म्हणाली, "सांभाळून न्या बापा, कधी गेला नाही तो एवढ्या दूर." ड्रायव्हर हसून म्हणाला, "माताजी, मैं तो नागपूरतकच जाता." बाबा थोडे मागं उभे होते. त्यांनी ड्रायव्हरला जय भीम घातला, मला काहीच म्हणाले नाहीत.

मी म्हणालो, "दोन वर्षं. लई तं तीन."

मायने मान हलवली. ही मान तिने पुढं किती वर्षं हलवत ठेवली, ते तिलाच माहीत.

पिशवीत खुला होत्या. आपल्या यवतमाळ जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, भाजीच्या चकत्या करून कडक वाळवल्या की त्यांना आम्ही खुला म्हणतो. वांग्याच्या, गवारीच्या सगळेच करतात. आमच्या घरी हिरव्या टमाट्याच्या व्हायच्या. टमाट्याला माय भेदरं म्हणते. माघ सरत आला, ऊन चावायला लागलं की नाल्याकाठच्या वाफ्यातली झाडं थकायची. पानं करपायची, फळं मात्र हिरवीच लटकून राहायची. कुठलं पिकेल आणि कुठलं नाही, हे माय अंगठ्याने दाबून ठरवायची. न पिकणारी सगळी टोपल्यात. मग विळीवर गोल चकत्या, मीठ-हळद, रात्रभर पाट्याखाली दाबून पाणी काढायचं, आणि सकाळी टिनाच्या छपरावर जुनं लुगडं अंथरून त्यावर पसरायचं. आमच्या भागातल्या उन्हाला बाकी काही सांगावं लागत नाही. पावसाळ्यात, वावरातून भाजी येत नाही तेव्हा, त्या गरम पाण्यात भिजवून हरभऱ्याच्या डाळीत शिजायच्या. आंबट, जराशा चिवट. भाकरीबरोबर मी दुसरं काही मागायचो नाही.

खुला वाळून घरात आल्या की माय वाटे करायची. दादाचा, माझा, बाबाचा. ज्याचा वाटा त्याचा. त्याने खावा, कुणाला द्यावा, उंदराला घालावा, पण त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही. हा नियम गावात कुठं नव्हता, आमच्याच घरात होता. लहानपणी आम्ही भाऊ फार भांडायचो, त्यातून तो निघाला असावा.

मी गेल्यावरही माझा वाटा निघत राहिला. हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. एकदा फोनवर वहिनीने सांगितलं, तिच्या पद्धतीने. "भाऊजी, तुमची बरणी पाहून पाहून माह्या लेकराईच्या तोंडाले पानी सुटते, पन सासूबाई काही हात लावू देत नाही. नव्या खुला झाल्या का जुन्या बकरीपुढं टाकते आन् बरणी पुन्हा भरून ठेवते. तुमच्यापेक्षा बकरीनंच तुमचा वाटा जास्त खाल्ला." मी हसलो.

बरणी होती माझ्या खोलीतल्या फळीवर; सुट्टीत मला ती दिसायची, पण ती माझ्या वाट्याची हे कधी लक्षात आलं नव्हतं. माझी खोली म्हणजे घराच्या पुढच्या अंगाला बाबांनी विटांची बांधलेली खोली, माझ्या लग्नासाठी. लग्न नागपूरला झालं, बायको तिथूनच माझ्याबरोबर परदेशी आली, खोलीत आम्ही राहिलो ते सुट्टीपुरते. बाकी वर्षभर ती झाडून-पुसून बंद. आत खाट, गादी, बरणी. पाहुण्यालाही तिथं झोपवायचं नाही.

आता इकडचं सांगतो. कॅनडातलं सास्काटून. सपाट मुलूख, गव्हाचा, मोहरीचा. ट्रक इथेही आहेत, आणि ट्रकचं इंजिन सगळीकडं सारखंच बिघडतं, म्हणून माझं पोट भरलं. पहिली वर्षं एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने काढली. मग स्वतःचं घर झालं, लहानसं, मागं लाकडी डेक आणि कुंपणापलीकडं ओल्गाबाई. युक्रेनी म्हातारी, माझ्या मायपेक्षा थोडीच लहान, गुडघे तिचेही गेलेले. आमची ओळख होऊन महिना झाला नसेल, सप्टेंबर संपत होता, तिने दार वाजवलं. म्हणाली, रात्री फ्रॉस्ट पडणार आहे, माझ्या वाफ्यात हिरवे टमाटे पडलेत, मला वाकवत नाही, तोडून घेऊन जा, नाही तर सकाळी सगळे काळे होतील.

मी बादल्या भरून आणल्या. इतक्या वर्षांनी हिरव्या टमाट्याचा तो वास हाताला लागला, बोटं पिवळट-हिरवी झाली. रात्री बायको आणि मी चकत्या कापत बसलो, मीठ लावलं, दाबून ठेवलं. सकाळी पाहतो तर काय सुंदर ऊन. आभाळ निळंशार, सावल्या काळ्याकुट्ट, डेक नुसता चमकत होता. मी चादर अंथरली आणि खुला पसरल्या. बायको शाल गुंडाळून दारात उभी. "अहो, बाहेर बोटं वाकडी होताहेत, आणि तुम्ही वाळवण घालताय?"

"ऊन पाह्य ना कसं पडलं."

"पडलंय, पण लागतंय का?"

यवतमाळचा माणूसच ही चूक करू जाणे. आम्हाला ऊन दिसणं आणि ऊन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे कुणी शिकवलेलंच नाही. संध्याकाळी चकत्या होत्या तशाच ओल्या. उद्या वाळतील म्हणून तिथंच ठेवल्या. सकाळी काचेसारख्या वाजत होत्या. मला वाटलं, झाल्या. दुपारी विरघळल्या आणि चादरीवर नुसता तपकिरी चिखल.

कुंपणावरून ओल्गाबाईने विचारलं, "तू सूप करतो आहेस का?"

मी काय करत होतो ते सांगितलं तर ती कुंपणाला धरून हसली. मग मला घरी बोलावलं, तळघरात नेलं. तिथं घर तापवणारी फर्नेस भट्टीसारखी घुंघुं करत होती, वरच्या पाइपांना शेपूच्या जुड्या आणि लसणाच्या माळा टांगलेल्या, हवा अशी कोरडी की नाक आवळलं. ती म्हणाली, "इथे ऊन बाहेर नसतं. इथे ऊन तळघरात ठेवतात." उरलेल्या टमाट्याच्या चकत्या मी तिच्याच तळघरात जाळीवर वाळवल्या. पातळ कापल्या, कारण जाड कापल्या तर मधून ओल्या राहतात. तीन-चार दिवसांत अशा खणखणीत झाल्या की मी एक तुकडा तसाच चघळत घरी आलो. त्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ गुडघ्याएवढं, आत कुकरमध्ये हरभऱ्याची डाळ आणि भेदराच्या खुला. ओल्गाबाईला वाटी दिली. तिने डोळे पुसत खाल्ली, तिखटाने, आणि वाटी परत देताना तिच्या बरणीतले शेपूत मुरवलेले अख्खे हिरवे टमाटे भरून दिले. तेव्हापासून दर वर्षी असंच चालतं. आमची मुलगी आता चकत्यांना मीठ लावते आणि मराठीत एकच वाक्य न चुकता म्हणते, "आजीसारखं कर."

हे सगळं मी मायला कधी सांगितलं नाही. इथेच मला जे बोलायचं आहे ते आहे, आणि ते मी फार वर्षं तोंडात धरून ठेवलं.

मला इथे बरं वाटतं. लाचारीने राहिलो, अडकलो, असं नाही. सकाळी फावड्याने दारातलं बर्फ काढताना, गॅरेजमध्ये थंडीने आखडलेलं इंजिन सुरू होतं तेव्हा, मुलगी सायकल चालवत समोरून येते तेव्हा, मला बरं वाटतं. गेलेल्या माणसाने झुरावं अशी मागे राहिलेल्यांची अपेक्षा असते असं मी धरून चाललो होतो, आणि माझ्याने झुरणं होत नव्हतं. म्हणून मी ते लपवलं. व्हिडिओ कॉल आला की मी कोऱ्या भिंतीसमोर बसायचो, अंगात कामावरचं जॅकेट घालून. मायला वाटावं, पोरगा कुठल्या तरी खोलीत दिवस काढतो आहे. घर घेतलं हे दादाला सांगितलं, तिला नाही. ती विचारायची, "कवा येशीन?" मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी." बाबा गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, आणि तेव्हाही निघताना मी तेच म्हणालो. पुढच्या वर्षी. ती तिकडचं कधी काही विचारायची नाही. थंडी किती, शेजारी कोण, काय शिजवतोस, काहीच नाही. मला वाटायचं, बरं आहे, विचारत नाही ते.

या वर्षी जानेवारीत दादाचा फोन आला. माय पडली. आमचा संडास मागच्या आवारात, बाभळीच्या कुंपणाला लागून. पहाटे दवाने ओल्या फरशीवर पाय सरकला, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, तशी बरी आहे. मग दादा म्हणाला, "तुले एक सांगतो, राग नको मानू. मी दोन वर्षं झाले तिले म्हनून राह्यलो का पुढच्या खोलीत संडास-बाथरूम काढू, तिची खाट बाजूलेच येईन, बाहेर जायचं काम नाही. गवंडीबी पाहून ठेवला. पन ते आयकतच नाही. म्हन्ते, तो आला म्हंजे झोपीन कुठं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू येनार हायस का?"

"नाही, दादा."

"मंग ते तिले तू सांग. माह्या तोंडून आयकनार नाही ते."

माझ्या एका शब्दासाठी तिने खोली राखली होती, आणि त्या खोलीपायी ती अंधारात आवार ओलांडत होती. हे एवढं सरळ होतं. फोनवर सांगता आलं असतं, पण मी तिकीट काढलं.

फेब्रुवारीत पोचलो तर छपरावर लुगडं पसरलेलं. हात गळ्यात अडकवून माय ओसरीत बसली होती आणि वहिनीकडून काम करून घेत होती. मला पाहून म्हणाली, "वाळला." मग, "बस." दुसऱ्या दिवशी टमाट्याचं टोपलं समोर आलं आणि वहिनी म्हणाली, "भाऊजी, बसून बसून खाता का कापूबी लागता?" मी विळी ओढली. माय बघत राहिली. जन्मात मी तिच्यासमोर भाजी कापली नव्हती.

"एवढं पातळ कायले कापतं? वाऱ्यानं उडून जाईन."

"आमच्याकडं पातळच लागते, नाही तं मधातून वल्लं राह्यते."

तोंडातून निघून गेलं. वहिनीचा हात थांबला. माय म्हणाली, "तुमच्याकडं म्हंजे कुठं?"

विळीवरून मी उठलो नाही. खाली मान घालूनच सांगितलं. घर घेतलं आहे. मागं डेक आहे. शेजारीण टमाटे देते, मी दर वर्षी खुला करतो. पोरीची शाळा तिथं. माय, मी राहायले येनार नाही. येत जाईन, पन राहायले नाही.

ती डाव्या हाताने ताटातल्या चकत्या सारख्या करत होती. तशीच करत राहिली.

"मंग एवढे दिवस येतो येतो कायले म्हनत होता?"

"तुले वाईट वाटीन म्हनून."

"मंग आता नाही वाटत का?"

वहिनी चुलीचं निमित्त करून आत गेली. माय उठली, पुढच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. जेवायलाही आली नाही. दादा मला म्हणाला, "राहू दे, भाकर नेऊन देल्ली तुह्या वहिनीनं," आणि आम्ही दोघं भाऊ जेवलो. त्या रात्री मला वाटलं, गेली ती आपल्या हातून. खरं ऐकून ती मला परकं करेल ही भीती होती, आणि ते झालं.

सकाळी ती बाहेर आली तेव्हा डाव्या बगलेत बरणी होती. माझ्यासमोर ठेवली. "शिजव."

"मी?"

"तिकडं तूच शिजवतं ना? पाहू दे काय खातं तू."

मी डाळ भिजत घातली. सगळं घर स्वयंपाकघराच्या दारात जमलं होतं, जणू तमाशा लागला होता. वहिनी म्हणाली, "बकरीले आज उपास पडला," आणि दादा इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा हसला. मी नेहमी करतो तशी फोडणी दिली, लसूण, लाल तिखट, थोडं शेंगदाण्याचं कूट. मायने पहिला घास घेतला, चावला, परत चावला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं पाहत होतो.

"तिखट कमी हाय," ती म्हणाली. "तुह्या पोरीपायी कमी टाकत असशीन." मग आणखी वाढून घेतलं. माझा वाटा त्या दिवशी सगळ्यांनी खाल्ला. मुलांनी बरणीचा तळही पुसून काढला.

जेवण झाल्यावर तिने दादाला सांगितलं, "गवंड्याले बोलाव. आन् संडासाचं दार माह्या खाटेकडून काढजो, रस्त्याकडून नाही." एवढंच. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. तशी भाषा आमच्या घरात नाही. दुपारी ती खोलीत एकटी बराच वेळ बसली होती, वहिनीने मला खुणेने दाखवलं. बाहेर आली तेव्हा हातात माझी जुनी गॅरेजची पँट होती, तेलाचे डाग अजून तसेच. मला वाटलं, आता काही बोलेल. तिने ती वहिनीला दिली, "पुसाले घे, लई दिवस झाले ठेवून." खाट मी आणि दादाने मिळून बाहेर काढली. माझ्या डोळ्यांदेखत पहिली छिन्नी लागली, आणि खरं सांगतो, प्रत्येक ठोक्याला छातीत लागत होतं. आणि प्रत्येक ठोक्याला हलकंही वाटत होतं. दोन्ही एकदमच.

निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारायला लागली. मी जणू आत्ताच तिकडं पहिल्यांदा चाललो होतो. खिडक्या किती मोठ्या? बर्फ छपरावर साचलं तर छप्पर बसत नाही का? शेजारची बुढी एकटीच राह्यते का, तिले लेकरू नाही का? सून तिकडं कामाले जाते तं पोरीले कोन पाह्यते? मी सांगत राहिलो. फर्नेस म्हणजे काय, तळघरात ऊन कसं ठेवतात. तिला ते फार पटलं. "हुशार हाय बुढी," म्हणाली. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं ती का विचारत नव्हती. पोरगा परतणार आहे म्हटल्यावर त्या ठिकाणाची चौकशी कशाला करायची? एसटी स्टँडची कुणी करतं का? मीच तिला माझ्या घराच्या बाहेर उभं केलं होतं, कोऱ्या भिंतीपलीकडं, आणि वर मलाच वाटायचं की ती लांब आहे.

माझ्यासारखे जे गेलेत, पुसदहून, आर्णीहून, लोहाऱ्याच्या कारखान्यांतून पुण्याला, आखातात, कुठं कुठं, त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की तिकडं बरं वाटत असेल तर घरी सांगून टाका. आणि जे मागे राहिलेत त्यांचे उपकार कसे मानू ते मला कळत नाही. दादाचे, ज्याने 'आम्हाला सोडून का गेलास' असं एकदाही मला तोंडावर विचारलं नाही. वहिनीचे, जिने तिखट बोलून माझ्या मायला सांभाळलं. ओल्गाबाईचे, जिने मला कुंपणावरून हसून आपल्या तळघरात नेलं. मी फार नशिबाने चांगल्या माणसांत पडलो, दोन्हीकडं. हे लिहितानाही माझ्यातला जुना माणूस म्हणतो, एवढं उघड कशाला बोलतोस. बोलू दे त्याला.

परत पोचलो ते संध्याकाळी. टॅक्सी गेली, मी दार उघडलं, बॅग आत ढकलली, उंबऱ्यावरच बूट काढत होतो तेवढ्यात फोन वाजला. तिकडं पहाट होती. माय.

"पोचला का घरी?"

आजवर ती विचारायची, पोचला का तिकडं. मी एक बूट हातात धरून उभा राहिलो. मागून वारा आत येत होता, बारीक बर्फ पायपुसण्यावर पडत होतं.

"बोलत काहून नाही? लई थंडी हाय का?"

"हाय."

"मंग दार लाव न बापा पह्यले."

मी दार लावलं.